नमनाला घडाभर तेल?

इंग्लंडमधल्या मुलांना सोळाव्या वर्षी एक अवघड निवड करावी लागते. तोवर नऊ-दहा विषय शिकत आलेलं मूल ए लेव्हलसाठी तीन विषय ठेवतं, क्वचित चार, आणि बाकीच्यांना रामराम ठोकतं. पुढचं विद्यापीठ त्या तीनांवर ठरतं. आपल्याकडे अकरावीला सायन्स घेतलं की फिजिक्स, केमिस्ट्री आणि बहुधा गणित असा गठ्ठाच पदरात पडतो. तिथे जीवशास्त्र, भूगोल आणि इंग्रजी साहित्य असं त्रिकूटही चालतं. मात्र गणित सुटलं की इंजिनिअरिंगचं दार बंद. ते पुन्हा किलकिलं करायला तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी फाउंडेशन इयर ठेवलं आहे. तीन वर्षांच्या पदवीआधी एक वर्ष गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि थोडी प्रयोगशाळा. ठरलेल्या मार्कांनी पास झालात की सगळ्यांबरोबर पहिल्या वर्षात. या वर्षाचे मार्क सहसा पदवीत धरत नाहीत. मुलं त्याला ‘इयर झिरो’ म्हणतात.

माझ्या परिचयाच्या एका मराठी घरात गेल्या ऑगस्टात यावरून चांगली जुंपली. घर मिडल्सबरोचं, टीज नदीकाठचं. मुलीचे विषय वर सांगितले तेच त्रिकूट, निकाल उत्तम, आणि आता तिला केमिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. भूगोलाच्या फील्डवर्कसाठी ती टीजच्या खाडीवर गेली होती. नदीत सोडलेलं पाणी आधी कुठे आणि कसं साफ होतं, हे पाहत पाहत ती तिथपर्यंत पोचली. आईवडील गप्प होते. बोलत होते ते काका आणि आत्या. काका मुंबईच्या यूडीसीटी या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेत शिकलेले इंजिनिअर, आयुष्य टीजसाइडच्या प्लँटवर गेलेलं. आत्या एका विद्यापीठात फाउंडेशनच्याच मुलांना गणित शिकवते. आत्या मोठी, काका धाकटे, त्यामुळे अरेतुरेला आणि टोमण्यांना मुभा होती.

काका: नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. अख्ख्या वर्षाची फी भरायची आणि शिकायचं काय, तर लॉगॅरिदम! हे आम्ही अकरावीत शिकलो, जवळजवळ फुकटात.

आत्या: शिकलास, कारण सोडायची सोय नव्हती. सोळाव्या वर्षी तुला कुणी म्हटलं असतं की नको असेल तो विषय टाक, तर काय टाकलं असतंस?

काका: केमिस्ट्री.

आत्या: झालं तर! आणि जन्मभर खाल्लंस कशावर?

काका: ते सोड. पैशाचं बोल. इंग्लंडमध्ये 2025-26 ला वर्षाची कमाल फी 9,535 पौंड. सरकारनं त्याच वर्षापासून वर्गात बसून शिकायच्या विषयांच्या फाउंडेशनची फी 5,760 वर आणली. इंजिनिअरिंगची तशीच ठेवली. 2019 साली सरकारनंच नेमलेल्या ऑगर समितीनं तर सांगितलं होतं की पदवीला जोडलेल्या या वर्षांना पैसा देणं थांबवा, मुलांना ॲक्सेस डिप्लोमाकडे वळवा. तू तिथे शिकवतेस म्हणून तुला ते दिसत नाही. दुकानदार कधी म्हणेल का, माल महाग आहे?

आत्या: तो डिप्लोमा शाळा सुटून काही वर्षं झालेल्यांसाठी आहे, साधारण एकोणिसाव्या वर्षापुढे घेतात. ही अठराची आहे. आणि प्रयोगशाळा हवेवर चालत नाही, ॲसिडला पैसे पडतात. कर्जाचा हिशेब करायचा तर नीट कर. नोकरीत 25,000 पौंडांच्या वरच्या पगारावर 9 टक्के कापतात. समजा पगार 35,000. वरच्या 10,000 चे 9 टक्के म्हणजे वर्षाला 900, महिन्याला 75. कर्ज तीन वर्षांचं असो की चार, हप्ता 75 च.

काका: हप्ता तोच, पण हप्ते किती? उरलंसुरलं माफ होतं ते 40 वर्षांनी, म्हणजे ही साठी ओलांडल्यावर. त्यात तुम्ही फी आणि कर्ज एवढंच धरता. नोकरी एक वर्ष उशिरा लागणार, त्या वर्षाचा पगार कुणाच्या खात्यात मांडलास?

आत्यानं यावर उत्तर दिलं नाही. नसावंच. फीवर तावातावानं बोलणाऱ्या बहुतेक घरांत हा बुडालेला पगार कुणाच्या गावी नसतो, आणि खरं तर मोठी रक्कम तीच असते.

मग काकांनी तिथेच एक पाकीट उलटं करून मुलीपुढे सरकवलं. मूळ गाव कोल्हापूरकडचं, त्यामुळे उदाहरण साखर कारखान्याचं निघालं.

काका: तासाला 1,000 किलो उसाचा रस इव्हॅपोरेटरमध्ये येतो. त्यात साखर आणि बाकी विरघळलेलं मिळून 15 टक्के. बाहेर पडतं ते सिरप 60 टक्क्यांचं. पाणी किती उडालं?

मुलीनं साठातून पंधरा वजा केले आणि म्हणाली, 450 किलो. काकांनी बहिणीकडे असं पाहिलं की खटला तिथेच संपला. बहिणीनं पाकीट आपल्याकडे ओढलं.

आत्या: पाणी विसर जरा. साखर कुठे जाते?

मुलगी: कुठेच नाही. आतच राहते.

आत्या: आत आली किती?

मुलगी: 150. बाहेर पण 150 च... म्हणजे 150 हे साठ टक्के. मग सिरप 250 किलो. अगं, 750 पाणी उडालं!

आत्या: बघ. तिला बेरीज-वजाबाकी येत नव्हती असं नाही. काय बदलत नाही ते आधी धरायचं, हे कुणी दाखवलं नव्हतं.

काका: आणि तू ते दोन मिनिटांत दाखवलंस. त्याला वर्ष कशाला? शिवाय मटेरियल बॅलन्स तुमच्या फाउंडेशनमध्ये नसतोच, पदवीच्या पहिल्या वर्षात असतो.

आत्या: बरोबर, पहिल्या वर्षात असतो. पण तू रस तासाला हजार किलो येतोच आहे असं धरून चाललास. पंप अडखळला, भांड्यातली पातळी चढायला लागली, मिनिटागणिक टक्केवारी बदलायला लागली, मग? मग वजाबाकी पुरत नाही, डिफरन्शियल इक्वेशन लागतं. पहिल्या वर्षाचे प्राध्यापक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते फळ्यावर लिहितात आणि पुढे जातात. बाकीच्या मुलांनी दोन वर्षं कॅलक्युलस घोटलेलं असतं. ज्यानं नसतं घोटलं, तो तिथेच बुडतो, आणि बुडताना हात वर करत नाही. आमचं वर्ष त्या तिसऱ्या आठवड्यासाठी असतं.

हे मला पटलं. फाउंडेशनला ‘राहिलेलं शिकवण्याचं वर्ष’ म्हणतात, पण एखादा विषय राहणं ही लहान अडचण. हाताला सवय नसणं ही मोठी. लॉगॅरिदम म्हणजे काय हे संध्याकाळभरात कळतं. रिॲक्शनचा वेग तापमानानुसार कसा बदलतो हे काढताना नकळत लॉग घेऊन आलेखावर सरळ रेष शोधावी, इतकं ते अंगवळणी पडायला महिने जातात. काकांना स्वतःला ही सवय कधी लागली ते आठवतही नसणार.

काकांना मात्र विषय आता चांगलाच सापडला होता. त्यांनी पाकिटावर एक चौकोनी टाकी काढली, शेजारी सगळ्या बाजू दुप्पट केलेली दुसरी.

काका: बाजू दुप्पट, तर भिंतींचं क्षेत्रफळ चौपट. आत मावणारा माल?

मुलगी: आठपट.

काका: उष्णता तयार होते मालात आणि बाहेर जाते भिंतीतून. आठपट उष्णता, चौपट वाट. प्रयोगशाळेतल्या चंबूत थंडपणे झालेली रिॲक्शन मोठ्या भांड्यात हाताबाहेर जाते ती अशी. केमिस्ट चंबूपाशी थांबतो, आमचं काम तिथून सुरू होतं. म्हणून थंड पाण्याची वेटोळी आत सोडा, जॅकेट घाला, माल थेंबाथेंबानं सोडा.

आत्या: आणि यात केमिस्ट्री कुठे आली? क्षेत्रफळ आणि घनफळ! म्हणजे भूगोलवाली पोरगी हे शिकू शकते, हे तूच सिद्ध केलंस.

काकांनी पेन खाली ठेवलं. इथून वाद इतिहासात शिरला, कारण दोघांनाही त्याची आवड.

हा विषय मुळात जन्मला तो इंग्लंडच्याच धुरात. एकोणिसाव्या शतकात सोडा बनवणाऱ्या लब्लांक पद्धतीच्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक ॲसिडचे लोट निघत आणि आसपासची शेतं जळत. 1863 ला अल्कली ॲक्ट आला, निरीक्षक नेमले गेले. जॉर्ज ई. डेव्हिस हा त्यांतला एक. कारखान्यामागून कारखाने पाहताना त्याच्या ध्यानात आलं, की माल वेगवेगळा असला तरी खालची कामं तीच आहेत: तापवणं, गाळणं, वाळवणं, वाफ करून वेगळं काढणं. 1887 ला त्यानं मँचेस्टरच्या टेक्निकल स्कूलमध्ये यावर बारा व्याख्यानं दिली. 1901 ला त्याचं केमिकल इंजिनिअरिंगचं हँडबुक आलं. मात्र त्या व्याख्यानांच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे 1888 ला, अमेरिकेत एमआयटीनं या विषयाचा पदवी अभ्यासक्रम काढला होता. त्यामुळे पहिला मान कुणाचा यावर दोन्ही देश अजून भांडू शकतात.

आत्या: हा डेव्हिस चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला होता. दोन वर्षांनी ते सोडून गॅस वर्क्समध्ये नोकरी करत मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकला. या धंद्याचा मूळपुरुषच मागच्या दारानं आत आलेला आहे.

काका: त्यानं 9,535 पौंड मोजले नव्हते. नोकरी करत शिकला. माझंही म्हणणं तेच आहे.

आत्या: बरं, तुझ्या शर्मा सरांचे गुरू घे. डँकवर्ट्स.

यूडीसीटीच्या जुन्या विद्यार्थ्यापुढे शर्मा सरांचं नाव काढलं की आवाज खाली येतो, तसा काकांचा आला. मनमोहन शर्मा केंब्रिजला पीटर डँकवर्ट्सकडे पीएचडी करून मुंबईला परतले आणि माटुंग्याच्या त्या संस्थेत त्यांनी पिढ्या घडवल्या. रघुनाथ माशेलकर त्यांचेच विद्यार्थी, तेही पुढे काही वर्षं मँचेस्टरशेजारच्या सॅल्फर्डला होते. शर्मा 1990 ला रॉयल सोसायटीचे फेलो झाले. डँकवर्ट्स स्वतः ऑक्सफर्डचा केमिस्ट. महायुद्धात लंडनवर पॅराशूटनं टाकलेले सुरुंग निकामी करायचं काम त्यानं केलं, त्याबद्दल जॉर्ज क्रॉस मिळाला. युद्ध संपल्यावर केमिकल इंजिनिअरिंग शिकायला तो एमआयटीला गेला.

आत्या: म्हणजे पदवी झाल्यावर, लढाई करून आल्यावर, माणूस पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर बसला. त्याला कुणी म्हणालं का, घडाभर तेल?

काका: तो ऑक्सफर्डची केमिस्ट्री घेऊन गेला होता, ताई. साहित्य घेऊन नाही.

आत्या: आणि केंब्रिज? तिथे वर्षानुवर्षं केमिकल इंजिनिअरिंगला थेट घेतच नव्हते. आधी एक वर्ष नॅचरल सायन्सेस नाहीतर जनरल इंजिनिअरिंग करायचं, मग इकडे वळायचं. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. केंब्रिजनं केलं की परंपरा, बाकीच्यांनी केलं की धंदा.

हा टोला बरोबर बसला, पण तुलना पूर्ण खरी नाही. केंब्रिजचं ते वर्ष तीन ए लेव्हल सायन्सच्या करून आलेल्या मुलांसाठी होतं.

टीजसाइडला दोन केमिकल इंजिनिअर बोलायला बसले की फ्लिक्सबरो निघतंच, आणि इथे तर एक इंजिनिअर आणि एक गणिताची शिक्षिका. 1 जून 1974, शनिवार, नॉर्थ लिंकनशायर. नायलॉनला लागणारं कॅप्रोलॅक्टम बनवणारा कारखाना. सायक्लोहेक्झेनचे सहा रिॲक्टर एकापेक्षा एक थोडा खाली, ओळीनं उभे. पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला, आणि चौथा थेट सहाव्याला जोडायला 20 इंची तात्पुरता पाइप बसवला. दोन्ही तोंडं एका उंचीवर नव्हती, त्यामुळे पाइपला मध्ये बाक द्यावा लागला. दोन्ही टोकांना लवचिक बेलोज होते. कागदावर आराखडा नव्हता. वर्कशॉपच्या जमिनीवर खडूनं पूर्ण मापाचं चित्र काढलं, तेवढंच. वर्क्स इंजिनिअरची जागा त्या वेळी रिकामी होती. दोनेक महिने पाइप टिकला. मग फुटला, वाफेचा ढग पसरला, पेटला. 28 माणसं गेली, त्यांतली बहुतेक कंट्रोल रूममध्ये. शनिवार नसता तर आकडा कितीतरी मोठा असता.

आत्या: त्यांनी दोन गोष्टी तपासल्या होत्या. एवढा प्रवाह पाइपमधून जाईल का, आणि सरळ पाइप तेवढा दाब सोसेल का. पण पाइप सरळ नव्हता! दोन टोकांचे जोर एका रेषेत नाहीत म्हटल्यावर त्याला वळवणारा मोमेंट येणारच. हे माझ्या शेजारच्या वर्गात फाउंडेशनच्या फिजिक्समध्ये पहिल्या सत्रात शिकवतात.

काका: आणि त्या लोकांना मोमेंट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं? शाळेत शिकलेच असतील, गुणही मिळाले असतील. ठाऊक असलेली गोष्ट इथे लागू होते हे त्या क्षणी सुचणं, ते वर्गात येत नाही. ते येतं पाइपखाली उभं राहून. म्हणून म्हणतो, हिला डिग्री अप्रेंटिसशिप बघ. पगार मिळेल, कर्ज नाही, आणि व्हॉल्व्ह कसा अडकतो ते हाताला कळेल.

आत्या: त्यालाही बहुतेक ठिकाणी गणिताची ए लेव्हल मागतात. आलास फिरून तिथेच.

काका: मग ती ए लेव्हलच दे. कॉलेजात जा, गणित आणि केमिस्ट्री घे.

आत्या: एका वर्षात दोन्ही? कोरी पाटी घेऊन? होईल एखाद्याचं. नाहीतर दोन वर्षं. म्हणजे तू म्हणतोस तो बुडालेला पगार एका वर्षाऐवजी दोनचा.

काका: पण हातात काहीतरी राहील! ए लेव्हल घेऊन ती देशातल्या कुठल्याही विद्यापीठाचं दार वाजवू शकते. तुमच्या फाउंडेशनचं प्रमाणपत्र शेजारच्या गावात विचारत नाहीत. त्याच विद्यापीठात पुढे जायची हमी, एवढीच त्याची किंमत. ती आत गेली, सहा महिन्यांनी कळलं की आपल्याला हे नको, तर हातात कर्ज आणि शून्यावं वर्ष.

इथे काका बरोबर होते, आणि आत्याही ते जाणून होती. तिचा बचाव असा की गाडी बदलायची मुभा आत असते; फाउंडेशनला एकत्र बसलेली मुलं वर्षअखेरीला मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल अशी पांगतात. खरं आहे, पण ते सगळे फाटे इंजिनिअरिंगचेच. ज्याचं मन अजून डळमळतंय त्याला ए लेव्हलचा लांबचा रस्ताच बरा, असं माझं मत झालं. ही मुलगी डळमळत नव्हती. खाडीवरून आल्यापासून तिनं सांडपाणी शुद्धीकरणावर जे वाचलं होतं ते ऐकून काकाही दोनदा गप्प झाले होते.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं क्षणात एकमत झालं. पुण्याच्या आतेभावाचा मुलगा, बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित, मार्क चांगले. एजंटानं त्याला ब्रिटनमध्ये फाउंडेशन घ्यायला सांगितलं होतं.

आत्या: त्याला काय करायचंय? बारावीचे चांगले मार्क बरीच विद्यापीठं थेट पहिल्या वर्षाला धरतात. आधी विद्यापीठाच्या भारतासाठीच्या अटी वाच म्हणावं.

काका: परदेशी विद्यार्थ्यांची फी इथल्यांच्या दुपटीच्या वर. त्यात जास्तीचं एक वर्ष. एजंटाला कमिशन कोण देतं ते विचार, म्हणजे सल्ला कुठून आला ते कळेल.

मराठी घरांत फाउंडेशनची चौकशी होते ती बहुतेक अशाच मुलांसाठी, म्हणून हे दोन संवाद मुद्दाम लिहिले. ज्याच्या हाताला गणिताची सवय आहे, त्यानं हे वर्ष विकत घेणं म्हणजे निव्वळ पदरमोड.

वाद थोडा वेळ धंद्याच्या भविष्याकडेही वळला. ग्रेंजमाउथची रिफायनरी 2025 च्या एप्रिलात थांबली. काकांच्या मते ब्रिटनमध्ये हा उद्योग आवरायला लागलाय आणि आपण पोरीला शेवटच्या एसटीत बसवतोय. आत्या म्हणाली, पाणी साफ करायचं कोण थांबवणार आहे? औषधं, बॅटऱ्या, कचरा, सगळीकडे हाच माणूस लागतो. काका म्हणाले, लागेल, पण पगार रिफायनरीएवढा नसेल. यापुढे दोघांकडेही सांगण्यासारखं फार नव्हतं.

क्लिअरिंगचे दिवस होते. रिकाम्या जागांसाठी विद्यापीठांच्या फोनलाइन दुसऱ्या सकाळी उघडणार होत्या. मुलीनं वही काढली.

आत्या: पहिलं विचार, फाउंडेशनमधून एम.एंग.ला जाता येतं का, आणि त्याला किती टक्के लागतात. चार्टर्ड इंजिनिअर व्हायचं तर शेवटी मास्टर्सची पातळी लागते. दुसरं, शिकवतं कोण? विद्यापीठाचेच लोक, की बाहेरच्या कंपनीला दिलेलं काम?

काका: प्रयोगशाळेत आठवड्याला किती तास, ते विचार. आणि हे नीट लिहून घे: फाउंडेशनला जितके बसले, त्यांतल्या किती जणांना शेवटी पदवी मिळाली. पहिल्या वर्षात किती गेले ते नको म्हणावं.

आत्या: हा आकडा क्लिअरिंगच्या फोनवर बसलेल्या मुलांकडे नसतो रे.

काका: मग ज्याच्याकडे असतो त्याला द्या म्हणावं फोन.